घर-वसरी : वाचकांचे प्रश्न

या वेळी बहुतेक पत्रांची सुरुवात एकाच वस्तूपासून झाली आहे: नक्षीचं एक कुशन आवडलं, घरी आणलं, आणि मग बाकीची खोली त्याच्यापुढे परकी दिसू लागली. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमचं शिरोड्याला जुनं चिऱ्याचं घर आहे. वसरीत लाल कोबा, सागवानी दारं, पश्चिमेला बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची पडवी. आझुलेजुच्या, म्हणजे पोर्तुगीज रंगीत टाइल्सच्या, नक्षीचे दोन अभ्रे घेतले आहेत: पांढऱ्यावर निळी वेलबुट्टी, मध्ये पिवळं फूल. भिंत निळी करावी की पिवळी? सोफा कोणत्या रंगाचा घ्यावा? चवथीपूर्वी रंगकाम आटपायचं आहे. (फोंडा तालुका)

उत्तर : निळीही नको, पिवळीही नको. कुशनमधला सर्वांत शांत रंग भिंतीला द्यावा, आणि तुमच्या कुशनमध्ये तो मागचा पांढरा आहे. पण पांढरा म्हणजे नेमका कोणता, हे आधी ठरवा. अभ्र्याशेजारी झेरॉक्सचा कोरा कागद ठेवा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. कागदाशेजारी अभ्रा लोण्यासारखा पिवळसर दिसला तर भिंतही त्याच वळणाची हवी. निळसर दिसला, तरीही तुमच्या वसरीत निळसर पांढरा लावू नका. त्याचं कारण खालची जमीन आहे.

दुपारी चारच्या सुमारास बाल्कांवातून ऊन आत येऊन कोब्यावर पडतं तेव्हा भिंतीचा खालचा तीनेक फुटांचा भाग नीट पाहा. कोब्याचा लाल रंग तिथे उसळलेला असतो. पिवळसर पांढऱ्यावर तो ऊबदार दिसतो. निळसर पांढऱ्यावर मात्र त्याचीच जांभळट झाक होते आणि भिंत मळल्यासारखी वाटते. जमीन आणि दारं तुम्ही बदलणार नाही, म्हणून पहिला शब्द त्यांचा. कुशनचा नंबर त्यानंतर.

आता सोफा. कुशनमधला गडद निळा सोफ्याला घ्यायचा मोह होईल, पण पश्चिमेच्या उन्हात गडद निळं कापड लवकर विटतं, आणि ते एकसारखं विटत नाही: पाठीचा वरचा काठ आणि उन्हाकडचा हात फिकट पडतो, बैठक तशीच राहते. सोफ्याला चटईच्या रंगाचं, जाडसर विणीचं साधं कापड घ्या. तीन जणांच्या सोफ्याला 54 इंच पन्ह्याचं 10 ते 12 मीटर लागतं. गडद निळा खाली येऊ द्या. 4 बाय 6 फुटांची सुती सतरंजी पुरे, आणि ती उन्हाच्या पट्ट्याबाहेर अंथरा. कोब्याच्या लालवर निळा फार देखणा दिसतो, तेव्हा तिथे हात आखडू नका. पिवळ्याला वेगळी वस्तू आणायची गरजच नाही. पितळी समई आहे, तांब्या आहे, कुशनमधल्या फुलाला तेवढी सोबत पुष्कळ झाली.

आणखी एक गोष्ट. गणपती याच वसरीत बसत असेल तर माटोळी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधल्यावर तिथे सुपारीचे घोस, नारळ, तोरिंगं, रानफळं असे सगळे रंग एकदम येतात. मागची भिंत शांत असेल तरच माटोळी उठून दिसते. एवढ्या एका कारणासाठीही भिंतीवर गडद रंग नको.

रंग कोणत्या प्रकारचा, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो छटेपेक्षा महत्त्वाचा आहे. जुन्या चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा असेल तर प्लास्टिक पेंट लावू नका. चिरा पावसात पाणी ओढतो आणि ते हळूहळू बाहेर सोडतो. वर प्लास्टिकचा पापुद्रा असला की ओल आत अडकते, क्षार पृष्ठभागापाशी साचतात, आणि एकदोन पावसाळ्यांत रंग फुगून पोपडे धरतो. अशा भिंतीला चुनाच द्यावा: पातळ, तीन हात, प्रत्येक हातामध्ये एक दिवस, आणि हात देण्यापूर्वी भिंतीवर हलकं पाणी मारून. पिवळसर छटेसाठी पिवडी (पिवळ्या मातीचा रंग) घाला, पण बादलीत दिसतो त्याला फसू नका. ओला चुना वाळल्यावर बराच फिकट होतो, म्हणून फूटभर जागेवर लावून दुसऱ्या दिवशी पाहा.

राहिला मुहूर्त. चवथीआधी म्हणून श्रावणात रंग काढतात आणि तिथेच काम बिघडतं. भरल्या पावसात ना भिंत सुकलेली असते, ना दोन हातांमध्ये रंग वाळतो. मेच्या मध्यापर्यंत आटपलं तर ठीक. नाही जमलं तर या चवथीला फक्त अभ्रे आणि सतरंजी बदला आणि भिंतीला दिवाळीनंतर हात लावा. तेव्हाही आधी फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करा. 24 तासांनी आतल्या बाजूला दव धरलं किंवा भिंत काळपट दिसली, तर थांबा.

प्रश्न : मोरपंखी ठिपक्यांचं कुशन दुकानात नेऊन मशीनवर रंग जुळवून घेतला. 10 बाय 16 फुटांचा हॉल चारी बाजूंनी रंगवला, आणि आता आत बसवत नाही. कुशनवर तर तो रंग इतका छान दिसतो! मशीन चुकलं का? (म्हापसा)

उत्तर : मशीन बहुधा चुकलं नसेल, तरी ते कसं काम करतं हे समजून घ्या. ते एका छोट्या गोल खिडकीतून जेवढं दिसेल त्याची सरासरी घेतं. खिडकीत ठिपका आणि मागचं कापड दोन्ही आलं, तर निघणारा रंग कुशनमध्ये कुठेच नसतो. खिडकीपेक्षा मोठा सलग भाग मिळाला तरच मशीनचा उपयोग. नाहीतर शेडकार्ड घरी आणून डोळ्यांनी जुळवावं.

रंग हुबेहूब जुळला असता तरी तुमची तक्रार राहिलीच असती. कापडाच्या विणीत बारीक सावल्या असतात, त्यामुळे रंग मऊ दिसतो, सपाट भिंतीवर तो उघडा पडतो. शिवाय समोरासमोरच्या भिंती एकमेकींचा रंग एकमेकींवर टाकतात आणि चारी भिंती मिळून छटा अधिक गडद होते. कुशनवर तोच रंग तळहाताएवढ्या जागेत असतो, भोवती फिकट रंग असतात, म्हणून तो गोड वाटतो. कुशनमधला जोरकस रंग भिंतीवर हवाच असेल तर शेडकार्डच्या त्याच पट्टीवर दोनतीन घरं फिकट जा.

सगळं पुसायची गरज नाही. सोफ्यामागची 10 फुटांची भिंत मोरपंखी राहू द्या. बाकीच्या तिघींची लांबी 42 फूट, उंची 10 धरली तर 420 चौरस फूट, दारं-खिडक्यांचे 60 वजा करून 360. एक लिटर रंग एका हाताला साधारण 120 चौरस फूट जातो. म्हणजे हाताला 3 लिटर, दोन हातांना 6. चार लिटरचा एक आणि एक-एक लिटरचे दोन डबे घ्या, आणि तिन्ही एका बादलीत एकत्र करूनच कामाला लागा, कारण डब्याडब्यांत पुसटसा फरक असतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो. त्याआधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात द्यावाच लागेल. तो वाचवायला गेलात तर मोरपंखी खालून डोकावत राहील आणि दोनाऐवजी चार हात पडतील.

पुढच्या वेळी भिंतीवर चौकोन रंगवून बघू नका, जुना रंग शेजारी असला की डोळा फसतो. 2 बाय 2 फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या, कुशन त्याला टेकवा आणि चारही भिंतींपाशी फिरवा. सकाळी नऊ, दुपारी चार आणि रात्री दिवा लावून, असं तीनदा पाहा. 2700 केल्विनच्या पिवळ्या बल्बखाली मोरपंखी हिरवट आणि मळकट होतो. 4000 केल्विनचा पांढरट दिवा त्याच्याशी जास्त प्रामाणिक राहतो.

प्रश्न : लाल कुणबी चौकड्यांचं हातमागाचं कापड मिळालं आहे, 2 मीटर, पन्हा 45 इंच. 16 इंची किती अभ्रे होतील? सोफा राखाडी आहे. (वास्को)

उत्तर : कुणबी ही गोव्यातल्या कुणबी समाजाच्या साडीची वीण. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा लोकांच्या नजरेत आणली, तेव्हापासून ती साडीबाहेरही दिसू लागली आहे. कापायच्या आधी कापड थंड पाण्यात भिजवा, कारण सुती कापड 3 ते 5 टक्के आटतं. ओल्या पांढऱ्या रुमालाने चोळून पाहा. लाल लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाण्यातच खळबळा. मीठ घालून रंग पक्का होतो असं म्हणतात, पण रंगवून झालेल्या कापडाला मिठाने काही होत नाही. जादा रंग निघून जाणं हाच उपाय.

आटल्यावर लांबी साधारण 74 इंच, पन्हा 43 इंच धरा. शिलाईसकट 17 इंचाचा तुकडा, म्हणजे पन्ह्यात दोन आणि लांबीत चार, एकूण आठ. दोन्ही बाजूंनी चौकडी हवी तर चार अभ्रे, मागे साधं कापड लावलं तर आठ. लांबीत 6 इंच उरतात, ते चौकडी जुळवण्यात घालवा: प्रत्येक तुकड्याच्या बरोबर मध्यावर एकच रेघ यायला हवी. ती अर्ध्या इंचाने सरकली तरी चारही कुशनं शेजारी ठेवल्यावर वाकडी वाटतात. बाजूच्या 9 इंची पट्टीतून पायपिंग काढा.

आत भरायची पिशवी 18 इंचांची घ्या, अभ्र्यापेक्षा दोन इंच मोठी, नाहीतर कोपरे लोंबतात. वास्कोच्या हवेत कापूस नको. तो दमट होतो, गोळे धरतो, वास मारतो. फायबर साधारण 450 ग्रॅम भरा.

राखाडी सोफ्याचं उत्तर राखाडी कोणता यावर आहे. निळसर असेल तर त्याच्यावर लाल किंचाळतो, तेव्हा मध्ये दोन साध्या, न रंगवलेल्या जाड सुताची कुशनं टाका. तपकिरीकडे झुकणारा असेल तर काहीच करावं लागणार नाही. तीन जणांच्या सोफ्यावर चार कुशनं खूप झाली: दोन चौकडीची, दोन साधी. बाकीचे अभ्रे धुतल्यावर बदलायला ठेवा. दुसरी नक्षी आणायचीच असेल तर तिचं माप वेगळं हवं. बारीक चौकडीशेजारी मोठं फूल चालतं, बारीक फूल चालत नाही, दोन्ही मिळून नुसती गर्दी दिसते.

प्रश्न : घरात सागवानी बाक आणि वेताच्या बैठकीच्या दोन खुर्च्या आहेत. इंडिगो (निळीच्या) छापाची कुशनं टाकली, पण पावसात कुशनांच्या मागे बुरशी येते आणि वेत सैल पडला आहे. सगळं काढून नवीन सोफासेट घ्यावा का? (डिचोली)

उत्तर : मुळीच काढू नका. पिवळसर तपकिरी सागवान आणि इंडिगो यांची जोडी इतकी चांगली आहे की तीच विकत घ्यायला लोक पैसे मोजतात.

बुरशी कुशनमुळे येत नाही, हवा कोंडल्यामुळे येते. बाक बाहेरच्या भिंतीला टेकलेला असेल तर चार इंच पुढे ओढा. जून ते सप्टेंबर पाठीची कुशनं रात्री काढून पंख्याखाली उभी ठेवा. बुरशी आलीच तर ती घरात झटकू नका, तिची पूड सगळीकडे बसते. अंगणात नेऊन ब्रशने काढा, पांढऱ्या व्हिनेगरच्या फडक्याने पुसा, आणि उघडीप मिळाली की वाळवा. इंडिगो मात्र उलटा करून, सावलीत.

वेताची जाळी तुटलेली नसेल तर ती पुन्हा ताणता येते. कोरड्या दिवसांत खुर्ची उलटी करा, जाळीच्या खालच्या बाजूला गरम पाण्याचं फडकं अर्धा तास ठेवा आणि मग दोन दिवस कुणालाही बसू देऊ नका. वाळताना वेत आखडतो आणि बैठक ताठ होते. वरच्या बाजूला पॉलिश असतं, तिथून पाणी आत जात नाही, म्हणून खालूनच. एखादी काडी तुटली असेल तर आधी ती बदलून घ्या, नाहीतर ताण बसताच शेजारच्या तुटतात.

पुढे कधी नवीन बैठक करवून घ्याल तेव्हा सुताराला आयएस 710 चं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन, प्लाय सांगा आणि फळीवरचा शिक्का स्वतः पाहा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड आपल्याकडे कडेने फुगतात, आणि रोज ओल्या फडक्याने जमीन पुसली जाते तिथे सगळ्यांत आधी पायांपाशी. बैठकीचा फोम 40 डेन्सिटीचा, पाठीला 28 चालेल. पाय चार इंच उंच असू द्या, म्हणजे खालून झाडू फिरेल आणि हवाही.