गुंठेवारीच्या जागेवर घरकुलाचं अनुदान मिळतं का?

तुमच्या आईच्या नावावर सांगलीत शामरावनगरला गुंठेवारीतली, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली, एक गुंठा जागा आहे, त्यावर पत्र्याचं शेड आहे आणि तुम्ही सगळे भाड्यानं राहता. घरकुलाचं अनुदान मिळेल का आणि तोवर भाड्याचं काय, हा तुमचा प्रश्न.

अनुदान मिळू शकतं, पण फॉर्मच्या आधी जागेचा कागद बघा. गुंठेवारीतली जागा नुसत्या नोटरीवर घेतलेली असेल तर मालकी सिद्ध होत नाही आणि अर्ज तिथंच अडतो. आधी महापालिकेकडून नियमितीकरणाचं प्रमाणपत्र घ्या. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, त्यामुळं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात बसते. खरेदीचे कागद, सातबारा, मोजणी नकाशा जोडायचा आणि प्रशमन शुल्क (अनियमितता नियमित करून घेण्याची रक्कम) व विकास शुल्क भरायचं. याच फेरीत नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा बघून घ्या. निळी रेषा ही नेहमीच्या पुराची हद्द, लाल रेषा ही क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत जागा असेल तर नव्या बांधकामाचा विषयच संपतो. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये असेल तर जोतं उंच घ्यावं लागतं. त्या भरावाचा खर्च तुमचाच, अनुदान त्यासाठी वाढत नाही.

कागद झाला की प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधण्याच्या घटकाखाली अर्ज करा. जागा आईची, म्हणून अर्जही आईच्याच नावानं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ३ लाखांच्या आत हवं आणि देशात कुठंही पक्कं घर नको. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळून अडीच लाख मिळतात. घराचं चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, ३० ते ४५ चौरस मीटर हवं. बांधकाम साधारण ४०० चौरस फूट आणि दर दोन हजार धरला तरी आठ लाख होतात. म्हणजे साडेपाच लाखांची सोय तुम्हाला करायची आहे, तीही आधी, कारण हप्ते काम पुढं सरकेल तसे, जागेवरचे फोटो ऑनलाइन चढल्यावर येतात. मंजुरी आणि पहिला फोटो होईपर्यंत शेड पाडू नका, पायाही खोदू नका. कृपा करून ही घाई टाळा. आईचं खातं आधारला जोडलेलं आहे ना, हेही बँकेत विचारा. जुनं, बंद पडलेलं खातं जोडलेलं असलं की हप्ता अडकतो.

या सगळ्यात भाड्याचे बरेच महिने जातील, म्हणून लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच घ्या. नोंदणीची जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे, नुसती नोटरी चालत नाही. भाडं ६,००० आणि अनामत ३०,००० असेल तर ११ महिन्यांचं मुद्रांक शुल्क पावणेदोनशेच्या आसपास आणि नोंदणी फी १,००० रुपये. करार लेखी आणि नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालक टाळाटाळ करत असतील तर त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं हे कलम ५५ दाखवा.