फोर्कलिफ्टच्या अपघातात कामगाराचीही चूक असेल, तर त्याचा भरपाईचा हक्क जातो का?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे : रिव्हर्समध्ये येणाऱ्या फोर्कलिफ्टचे (गोदामात माल उचलून नेणाऱ्या गाडीचे) चाक आपल्या भावाच्या पायावरून गेले, आणि आता ‘मी पिवळ्या पट्ट्याबाहेर उभा होतो, चूक माझीच आहे’ अशा मजकुरावर व्यवस्थापन त्याची सही मागत आहे. ती सही त्याने तूर्त करू नये. मी काही वर्षे फोर्कलिफ्ट चालवली आणि पुढे सुरक्षा विभागात अशा अपघातांच्या चौकश्या केल्या. वकील मात्र नाही, हे ध्यानात घेऊन पुढचे वाचावे.

चूक कोणाची, यावर मूळ भरपाई अवलंबून ठेवायची नाही, हे तत्त्व जुने आहे. जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विम्याच्या कायद्याने आणि ब्रिटनने १८९७ च्या कायद्याने ते स्वीकारले, आणि पुढे अनेक देशांचे कायदे त्याच वाटेने गेले. अपघात कामावर असताना आणि कामामुळे झाला, एवढे दाखवता आले की उपचारांचा खर्च आणि बुडालेल्या मजुरीचा ठरावीक भाग मिळतो; कामगाराचा साधा निष्काळजीपणा सहसा त्याच्या आड येत नाही. नशेत असणे किंवा जाणूनबुजून इजा करून घेणे, अशा मोजक्या गोष्टी मात्र येऊ शकतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९६४ चा १२१ क्रमांकाचा करारही कामावरील इजेसाठी वैद्यकीय मदत आणि रोख लाभ यांची हमी मागतो, अर्थात तो ज्या देशांनी मान्य केला त्यांच्यापुरता.

मग सहीची एवढी घाई कशासाठी? अनेक ठिकाणी या मूळ भरपाईखेरीज निष्काळजीपणाबद्दल वेगळा दावा करता येतो. कुठे तो मालकावर करता येतो, तर कुठे फक्त यंत्राचा निर्माता किंवा देखभालीचा कंत्राटदार अशा तिसऱ्या पक्षावर. तिथे दोषाची वाटणी होते, म्हणजे कामगाराचा दोष जेवढा धरला जाईल तेवढी रक्कम कमी होऊ शकते, आणि तिथेच हा कबुलीचा कागद पुढे येतो.

‘पट्ट्याबाहेर उभा होता’ हे कारण खरे असले तरी अपुरे असते. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना तिची शेपटी बाहेरच्या बाजूला झपकन फिरते, आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला सरकायलाही वेळ मिळत नाही. पुढचा माल उंच असला की ऑपरेटरला समोरचे दिसत नाही म्हणून तो गाडी रिव्हर्समध्ये चालवतो, आणि मागे पाहण्यासाठी त्याला सारखी मान वळवून बसावे लागते. अडीच टन माल उचलणाऱ्या यंत्राचे स्वतःचे वजन साडेतीन-चार टन असते. त्याला जमिनीवरचा रंग थांबवत नाही, कठडा थांबवतो. म्हणून चौकशीत खरे प्रश्न हे असतात की भावाला तिथे कोणत्या कामासाठी उभे राहावे लागले, तिथे कठडा का नव्हता, रिव्हर्सचा भोंगा वाजत होता का, आणि ऑपरेटरला रीतसर प्रशिक्षण मिळाले होते का.

पुरावा फार लवकर नाहीसा होतो. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते आणि यंत्र दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागते. एका चौकशीत रोजच्या तपासणीचा तक्ता माझ्या हाती आला, तेव्हा महिन्याभराच्या सर्व खुणा एकाच पेनाने, एकाच ओघात केलेल्या होत्या, आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीही ‘ब्रेक ठीक’ असे लिहिलेले होते. त्या तक्त्याचा एक फोटो दहा साक्षीदारांच्या तोडीचा होता.

पायाबद्दलही एक गोष्ट सांगणे भाग आहे. चाकाखाली चिरडलेल्या पायाची त्वचा वरून अखंड दिसू शकते आणि आत मात्र ती खालच्या थरांपासून सुटलेली असते. सूज स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यात कोंडली तर काही तासांत रक्तपुरवठा तुटतो. इजेच्या मानाने वेदना फारच जास्त असणे किंवा बोटे बधिर होणे, ही त्याची लक्षणे आहेत. हे आजही जाणवत असेल तर कागदपत्रे बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठावे. पायाची सुधारणा थांबून कायमचे अपंगत्व किती राहणार, हे डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत ‘अंतिम तडजोड’ स्वीकारू नये, कारण आठ तास उभे राहता येणार नाही, हे अनेकदा कामावर परतल्यावरच कळते.

दाव्याची मुदत देशागणिक वेगळी असते आणि कधी कधी फारच थोडी असते, त्यामुळे कामगार संघटनेला किंवा कामगार कायद्याच्या वकिलाला याच आठवड्यात भेटावे. भाऊ कंत्राटदारामार्फत कामावर असेल, तर कंत्राटदार आणि गोदामाचा चालक या दोघांनाही लेखी कळवावे. त्या पत्रात तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, जवळ कोण होते आणि पायाला काय झाले एवढेच लिहावे, सीसीटीव्हीचे चित्रण व तपासणीचे तक्ते जपून ठेवण्याची मागणी करावी, आणि पोच घेतलेली प्रत घरी ठेवावी.