जाधव आडनाव, देवगिरीचे यादव आणि थुंकीची टेस्ट

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही जाधव, मूळ गाव सिन्नर तालुक्यात, राहायला नाशिकला सिडकोत. आजोबा कायम सांगायचे की आपण देवगिरीच्या यादवांचे वंशज. मागच्या दिवाळीत मुलाने ऑनलाइन डीएनए किट मागवलं, नळीत थुंकून पाठवलं. रिपोर्टात निम्म्याहून जास्त 'दक्षिण भारतीय', बाकी गुजराती, थोडं बंगाली, आणि वडिलांकडची लाइन 'एच' असं आलं. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तर एकाने लिहिलं एच म्हणजे आपण क्षत्रिय नाहीच, आर-वन-ए यायला पाहिजे होतं. तेव्हापासून नुसता राडा चालू आहे, दोघं तर ग्रुप सोडून गेले. खरं काय समजायचं?
– एक वाचक, सिडको

उत्तर : दादा, आधी त्या दोघांना ग्रुपमध्ये परत घ्या, कारण भांडण ज्या मुद्द्यावर झालं त्यात दमच नाही. एच काय, आर-वन-ए काय, एल काय, जे-टू काय, हे सगळे बापाकडून मुलाला जाणाऱ्या डीएनएचे गट भारतात जवळपास प्रत्येक जातीत सापडतात, कुठे कमी कुठे जास्त एवढाच फरक. आणि हे गट आडनावांपेक्षा, जातींपेक्षा, राजघराण्यांपेक्षा हजारो वर्षांनी जुने आहेत. युरोपातल्या रोमा लोकांच्या पुरुषांमध्येसुद्धा एचची एक शाखा भरपूर सापडते, कारण त्यांचे पूर्वज इथूनच तिकडे गेले. आता त्यांना काय जाधव म्हणायचं का? त्या अक्षरावरून कोणाची जात कळत नाही आणि तलवार तर नाहीच नाही.

आता आडनावाकडे येऊ. शब्द म्हणून जाधव हा यादवचाच, त्यात शंका घ्यायचं कारण नाही. आपल्याकडे संस्कृतातल्या सुरुवातीच्या 'य'चा बोलताना 'ज' होतो, यात्रेची जत्रा झाली, यज्ञोपवीताचं जानवं झालं, यवाचे जव झाले, तसं यादवाचं जादव आणि पुढे जाधव. गुजरातेत अजून जादवच म्हणतात.

आणि सिन्नरकर असाल तर तुमच्या आजोबांना ही गोष्ट सुचली यात नवल नाही. देवगिरी ही यादवांची नंतरची राजधानी, पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या शेवटी केलेली. त्याआधीची तीनेकशे वर्षं हे घराणं आपल्याच जिल्ह्यात वाढलं. मूळ पुरुष दृढप्रहार, त्याचं चंद्रादित्यपूर म्हणजे आजचं चांदवड, आणि त्याचा मुलगा सेऊणचंद्र याने वसवलेलं सेऊणपूर म्हणजे सिन्नर, असं इतिहासकार मानतात. अंजनेरीला जैन मंदिरात बाराव्या शतकातला यादवांचा शिलालेख आहे, सिन्नरचं गोंदेश्वर तर तुम्ही शंभर वेळा पाहिलं असेल. हेमाद्रीने त्यांची जी वंशावळ लिहिली त्यात ते द्वारकेहून आलेले कृष्णाच्या कुळातले (नाशिकमधली ट्रॅफिक जॅमवाली आपली द्वारका नाही, गुजरातची!). पण राजाच्या पदरी असलेल्या माणसाने राजाच्या कुळाबद्दल काय लिहावं, ते आपण समजून घ्यायचं.

पण शब्द यादवांचा म्हणून माणसं यादवांची, असं सरळ गणित बसत नाही. जाधव मराठा आहेत, कुणबी आहेत, कोळी, माळी, धनगर, चर्मकार, बौद्ध आहेत. रामोश्यांमध्ये पूर्वी दोनच मोठी कुळं सांगायचे, चव्हाण आणि जाधव. बंजारा तांड्यात जे जाधव आहेत ते मुळात वडतिया, त्यांचं गोत्र वेगळं, बोली वेगळी. हे सगळे एका बापाची लेकरं असणं शक्य नाही. कोणी सरदाराच्या चाकरीत होतं म्हणून त्याचं आडनाव लावलं, कोणाचं गावच जाधवांच्या पाटीलकीचं होतं, कोणाचं नाव शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलं ते कायम झालं. जुन्या कागदात साध्या माणसाला आडनाव असायचंच असं नाही, 'राणू बिन गोविंदा' एवढ्यावर काम भागायचं. वतनदारांना मात्र आडनाव जपणं भाग होतं, कारण त्यावर वतन होतं. म्हणून तर सिंदखेडराजाच्या जाधवांची, म्हणजे जिजाऊंचे वडील लखुजीराव, पुढे सेनापती धनाजी जाधव, यांची वंशावळ जास्त पक्की. लखुजीराव स्वतःला यादवांचे वंशज म्हणवायचे आणि १६२९ मध्ये त्यांची हत्या झाली तीही देवगिरीवरच. पण शेवटचा यादव हरपालदेव १३१८ च्या सुमाराला संपला. मधल्या अडीच-तीनशे वर्षांचा दुवा तिथेही परंपरेनेच जोडलेला आहे, मग आपली काय कथा.

डीएनए रिपोर्टचं म्हणाल तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करून खिचडी करतात. टक्केवारी ही सगळ्या पूर्वजांची मिळून असते आणि ती कंपनीकडे तुलनेला कोणाचे नमुने आहेत त्यावर ठरते. जगभर वापरला जाणारा १००० जिनोम्स नावाचा एक मोठा नमुनासंच आहे, त्यात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत : ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि ब्रिटनमधले श्रीलंकन तमिळ. मराठी माणूस त्यात नाहीच! मग अशा संचाशी मशीन तुम्हाला ताडून बघणार तर थोडे गुजराती, बरेचसे दक्षिणेकडचे असंच सांगणार ना, ते तुमचं मूळ गाव नाही, ते जवळात जवळचा शेजारी कोण एवढंच आहे. बंगालीचं पण तेच. आणि सरमिसळ आपल्या सगळ्यांचीच आहे. २०१३ मध्ये भारतातल्या बऱ्याच गटांचा अभ्यास झाला त्यात निघालं की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथले लोक एकमेकांत भरपूर मिसळत होते आणि त्यानंतर जातीतल्या जातीत लग्नं घट्ट झाली.

दुसरी गोष्ट वडिलांकडची लाइन, म्हणजे वाय क्रोमोसोम. हा बापाकडून मुलाला जातो, अगदी आडनावासारखा, म्हणून आडनाव शोधणाऱ्यांना तो आवडतो. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच, म्हणजे साइक्स आडनावाच्या पुरुषांचे नमुने तपासले तेव्हा जवळजवळ निम्म्यांचा वाय एकसारखा निघाला, म्हणजे ते आडनाव बहुतेक एकाच माणसापासून सुरू झालेलं. पण तिकडेच स्मिथसारखं धंद्यावरून पडलेलं, जागोजागी उगवलेलं आडनाव घेतलं तर असं काही जुळत नाही. जाधव हे स्मिथच्या जातकुळीतलं. शिवाय आपल्याकडे दत्तक आहे, घरजावई आहे, एका पिढीत असं झालं की आडनाव एकीकडे चालू राहतं आणि वाय दुसरीकडे.

आणि समजा कुठेच खंड पडला नाही तरी एक हिशोब करून बघा. १३१८ पासून आजपर्यंत सातशे वर्षं, पंचवीस वर्षांची पिढी धरली तर २८ पिढ्या, आणि दर पिढीला पूर्वज दुप्पट म्हणजे त्या काळात तुमच्या झाडावर २६ कोटी ८४ लाख जागा होतात. एवढी माणसं तेव्हा आपल्या मुलखात नव्हतीच, तीच तीच घराणी पुन्हा पुन्हा येतात. जाधव आडनाव हे त्यातल्या एका जागेचं, बाकी सगळ्या जागा आज्यांच्या, पणज्यांच्या आणि त्यांच्या माहेरांच्या. त्यात यादवांच्या घरातली एखादी लेक आली असेल तर ती शेजारच्या पगारे किंवा वाघ यांच्या झाडावर पण असू शकते, आणि तिचा डीएनएचा एक तुकडासुद्धा तुमच्यापर्यंत पोचलेला नसू शकतो. यादव म्हणून सिद्ध करायचं तर यादव राजाचा नमुना हवा, आणि राजांना तर अग्नी दिला जायचा.

तरी खाज असेलच तर एक काम होण्यासारखं आहे. भावकीतले दोन लांबचे चुलत पुरुष घ्या आणि दोघांची वायची सविस्तर मार्करवाली, म्हणजे डीएनएवरच्या बऱ्याच खुणा ताडून बघणारी टेस्ट करा. तुमची भावकी खरंच एका पुरुषाची आहे का, हे त्यातून बऱ्यापैकी कळतं. फक्त निकाल उलटा आला तर ग्रुपवर टाकू नका, आधीच दोघं गेलेत.

त्यापेक्षा नाशिकात राहताय तर कागद बघा की! रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांकडे नामावळीच्या वह्या आहेत, गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या कुळाचे उपाध्ये कोण ते तिथे कोणीही सांगतं, आणि वहीत तुमचा पणजा दशक्रियेला नाहीतर सिंहस्थाला आला होता तेव्हा सांगितलेली नावं निघतात. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद, ती मागा. कुणबी नोंदींच्या धावपळीत अर्ध्या तालुक्याने ती बघून झाली आहे त्यामुळे क्लार्कला समजावून सांगावं लागणार नाही. जुनी पानं मोडीत असतील, मोडी वाचणारा माणूस सोबत न्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला देवक कोणतं आणि कुलदैवत कुठलं ते विचारून आजच लिहून ठेवा, कारण एका देवकात सोयरीक होत नाही म्हणून लोकांनी ते नीट लक्षात ठेवलेलं असतं.

प्रश्न : मी माहेरची जाधव. भाऊ नाही, वडील गेले. मला वडिलांकडची लाइन कळेल का? माझ्या टेस्टमध्ये तो रकानाच रिकामा आला.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ताई, बायकांमध्ये वाय नसतो म्हणून रकाना रिकामा, टेस्ट चुकलेली नाही. सख्खे काका किंवा काकांचा मुलगा तयार असेल तर त्याची टेस्ट करा, तीच तुमच्या वडिलांची लाइन. तुमच्याकडे आईची लाइन आहे, आई, तिची आई, तिची आई अशी सरळ मागे जाणारी, तिला आडनाव नाही कारण दर पिढीला ते बदललं, त्यामुळे ती शोधायला वह्यांपेक्षा मावश्या जास्त कामाच्या.

प्रश्न : महाराष्ट्रात जाधव एकूण किती? नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा आहे.
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : जनगणनेत आडनावांची मोजणी होत नाही, त्यामुळे नेटवरचे आकडे हे मतदार याद्या, फोनबुक असल्या कशावरून तरी बांधलेले अंदाज आहेत. जास्त लक्ष देऊ नका. लाखांनी आहेत, आणि १९५२ ला हेलसिंकीत भारताला कुस्तीचं ब्रॉंझ मिळवून देणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा त्यातलेच एक.