हरल्यावरची पाच मिनिटं

नागपूर, मे महिना
रात्रीचे साडेअकरा

बेटा,

मेसेज दुपारीच पाहिला होता. पण पारा पंचेचाळीसच्या वर आणि लाइन सारखी ये-जा करत होती. अशात डोकं चालत नाही. आता कूलरमध्ये पाणी भरलंय, घरचे झोपलेत, तर निवांत लिहितो.

ऑनलाइन 'गो'चे (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी जागा घेरायचा तो खेळ) सलग अकरा डाव हरलीस, तेरा क्यूवरून सोळा क्यूवर घसरलीस (क्यूचा आकडा जितका मोठा, खेळाडू तितका कच्चा), आणि आता 'गो' सोडून शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, धरावं का, असं विचारतेस. शेवटच्या डावात समोरचा कॉम्प्युटर लावून खेळत होता असाही तुझा संशय आहे. पाठवलेल्या डावांच्या सगळ्या नोंदी मी पाहिल्या. मला खटकलं ते चालींमधलं नाही. अकरापैकी दहा वेळा तू हरल्या क्षणी निघून गेलीस. सातव्या डावाखाली नेदरलँड्सच्या त्या खेळाडूने तीन ओळी लिहिल्यात, तुझ्यासाठी. तू तोवर पुढचा डाव सुरू केला होतास. वाचल्यास का त्या?

ही सवय बुद्धिबळातली आहे, मला माहीत आहे. तीन मिनिटांचा डाव, हरलं की दुसरा. तिथे ते खपतं, कारण आपल्याकडे बुद्धिबळाला शिकवणारे आहेत. दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या दोन घरांत त्याच आठवड्यात नवे पट आले. चूक झाली तर सर आहेत, सरांचे सर आहेत. 'गो'ला नागपुरात सर कुठून आणशील? तुला ज्याने हरवलं तोच तुझा सर, आणि त्याची फी फक्त पाच मिनिटं थांबणं एवढीच. तू दहा सरांच्या तोंडावर दार लावून आलीस.

जपानमध्ये डाव मांडताना 'ओनेगाइशिमासु' म्हणतात, म्हणजे साधारण 'आपली कृपा असावी'. शोगीत हरणाऱ्याला स्वतःच्या तोंडाने 'माकेमाशिता', मी हरलो, असं म्हणून मान झुकवावी लागते. आणि उठायचं नाही. तिथेच दोघं मिळून डाव परत मांडतात, कुठे बिघडलं ते बोलतात. याला ते 'कान्सोसेन' म्हणतात. किताब गमावलेला माणूससुद्धा, डोळे लाल, आवाज बसलेला, पण बसून बोलतो. मला त्यांच्या खेळापेक्षा हेच जास्त आवडलं, खरं सांगतो.

माझा पहिला पट तू पाहिलाच आहेस, पण त्याची गंमत सांगितली नाही. महाल भागातल्या एका सुताराकडून प्लायवर करून घेतला. एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या रेषा, ३६१ छेदबिंदू. तो म्हणाला, "काका, घरं इतकी आखून घेतली अन् सोंगट्या रेघेवर ठेवता? मग घरं काहून पाहिजेत?" उत्तर सुचलं नाही. सोंगट्या म्हणून इतवारीतून शर्टाची बटणं आणली, १८१ काळी, १८० पांढरी. पट मांडून बसलो तर काहीतरी विचित्र दिसायचं. पट आखूड वाटायचा आणि पांढरी बटणं काळ्यांपेक्षा मोठी. दोन्ही मोजली, एकाच मापाची. पुष्कळ दिवसांनी कळलं की जपानी पट मुळात चौरस नसतोच. साधारण साडेपंचेचाळीस सेंटिमीटर लांब आणि साडेबेचाळीस रुंद, कारण खेळणारा तो तिरका पाहतो आणि लांबी डोळ्याला कमी भासते. काळी सोंगटीही पांढरीपेक्षा केसभर मोठी कापतात, कारण पांढरा रंग डोळ्यांत पसरतो. ही अक्कल त्यांनी केव्हाच लावली, आणि मी मात्र सुताराला दोष देत बसलो होतो.

दुसरी गोष्ट कामठीची. तिथल्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिरात जपानी पाहुणे येतात, म्हणून एकदा पिशवीत नऊ बाय नऊचा छोटा पट टाकून गेलो. बाहेर चहाच्या टपरीवर एक आजोबा बसले होते, त्यांच्यासमोर बाकावर पट ठेवला. त्यांना मराठी-हिंदी येईना, मला जपानी येईना. त्यांनी मला दहा मिनिटांत झोपवलं. मी सोंगट्या गोळा करायला हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं. सगळ्या सोंगट्या उचलल्या आणि पहिल्या चालीपासून एकेक परत मांडू लागले, आठवणीने, माझ्यासुद्धा. नवव्या चालीला थांबले. माझी सोंगटी उचलली, एक रेघ अलीकडे ठेवली आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. बस्स, एवढंच. चहा गार झाला होता. त्या एका रेघेचा मला आजपर्यंत उपयोग होतोय.

आता तुझा सातवा डाव. चौतिसाव्या चालीला तुझी एक सोंगटी घेरली गेली, एकच श्वास उरला. (चिनी लोकही त्या मोकळ्या बिंदूला 'ची', म्हणजे श्वासच म्हणतात.) तू ती वाचवायला तिला जोडून आणखी एक ठेवलीस, त्याने परत कोंडलं, तू परत एक ठेवलीस. अशी तिरकी पायऱ्या-पायऱ्यांनी पटाच्या काठापर्यंत धावलीस आणि तिथे सगळ्याच मेल्या. एक वाचवायला गेलीस आणि चौदा घालवल्यास. ही शिडी. धावण्याआधी पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत डोळ्याने जायचं. वाटेत आपला कोणी उभा असेल तर धाव, नसेल तर पहिल्याच पायरीला ती सोंगटी सोडून दे आणि दुसरीकडे मोठी चाल खेळ. घोडा गेला की डाव गेला, हे तुझ्या हाडात मुरलंय. गोमध्ये गेलेली सोंगटीसुद्धा कामाची असते, समोरच्याला दोन चाली जास्त खर्च करायला लावते. त्या डचाच्या तीन ओळींत नेमकं हेच आहे, माझ्यापेक्षा थोडक्यात.

क्यूचा आकडा घसरला म्हणून जीव जाळू नकोस. क्यू घटत जातो, एक क्यूनंतर 'दान' ही वरची श्रेणी सुरू होते आणि तिचा आकडा वाढत जातो, एवढं तुला ठाऊक आहे. पण तो आकडा मिरवायला नाही, जोडी लावायला आहे. सोळा क्यू आणि दहा क्यू खेळले तर सोळावाल्याने आधीच सहा सोंगट्या ठेवून घ्यायच्या, की डाव अटीतटीचा होतो. बुद्धिबळात वजीर काढून खेळणं अपमान वाटतो, इथे तो शिष्टाचार आहे. सोंगट्या माग, लाजू नकोस. युरोपियन गो काँग्रेस १९५७ पासून भरते, दोन आठवडे चालते, आणि तिथे नवशिका आणि व्यावसायिक एकाच छपराखाली असतात.

संशयाचं म्हणशील तर तुझा तो शेवटचा डाव मी पाहिला. तो माणूस यंत्र नाही, यंत्र इतकं वाईट खेळत नाही. पण काळजी खोटी नाही. मार्च २०१६ मध्ये सोलला अल्फागो या संगणक प्रोग्रामने कोरियाचा दिग्गज ली सेडोलला ४-१ ने हरवलं. आता काटागोसारखं इंजिन फुकट मिळतं आणि कुठल्याही व्यावसायिकापेक्षा भारी खेळतं. कोरियात २०२० साली एका तेरा वर्षांच्या व्यावसायिक मुलीने ऑनलाइन सामन्यात यंत्राची मदत घेतली. एक वर्षाची बंदी झाली. परत आली, आज तिथल्या अव्वल महिला खेळाडूंत आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुझ्या वयाची पोरं असं केल्यावर लोक त्यांना कायमचं पुसून टाकायला बघतात. तू यंत्र वापर, पण क्रम पाळ: आधी समोरच्याशी बोल, मग स्वतः एकटी बस, आणि त्यानंतर काटागो लाव. यंत्र टक्केवारी देतं, पण तू ती चाल का खेळलीस हे त्याला कळत नाही. ज्याने तुझ्याशी डोकं लावलं त्याला कळतं.

एक मात्र पक्कं विचारून घेत जा, नियम कुठले. चिनी मोजणीत आपल्या सोंगट्या आणि घेरलेली जागा, दोन्ही धरतात. जपानी-कोरियन मोजणीत जागा आणि पकडलेले कैदी. काळा आधी खेळतो, म्हणून पांढऱ्याला भरपाई मिळते, ती चीनमध्ये साडेसात गुण, जपान-कोरियात साडेसहा. कागदावर किरकोळ वाटतं. जानेवारी २०२५ मध्ये 'गो'च्या एलजी कप या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला चीनच्या के जिएने पकडलेल्या सोंगट्या वाटीच्या झाकणात ठेवल्या नाहीत, कारण त्याच्या देशात कैदी मोजतच नाहीत. कोरियन नियमात ते दंडपात्र होतं. पहिला डाव त्याने जिंकला होता. दुसरा दंडांमुळे गेला, तिसऱ्यात परत दंड बसल्यावर त्याने पुढे खेळायला नकार दिला, आणि कप कोरियाच्या ब्युन सांग-इलला मिळाला. जगातले दोन अव्वल खेळाडू, आणि भांडण झाकणावरून! तुझ्यावर अशी वेळ येऊ नये.

शोगीबद्दल. सुंदर खेळ आहे, ८१ घरं, ४० मोहरी, आणि मारलेलं मोहरं आपल्या हातात येतं, हवं तिथे परत उतरवायचं. बुद्धिबळवालीला तो गोपेक्षा लवकर जमेल. म्हणूनच सांगतो, आता नको. तू खेळ बदलत नाहीयेस, हरण्यापासून पळतेयस. शियांगची, म्हणजे चिनी बुद्धिबळ, मी व्हिएतनामच्या पोरांशी अधूनमधून खेळतो, ती मजाच. त्यात हत्ती नदी ओलांडत नाही, हे मला, जन्मभर हत्ती सरळ पळवलेल्या माणसाला, अजून पचत नाही. पण ते चवीपुरतं.

व्यावसायिक व्हायचं स्वप्न तू ओझरतं लिहिलंस. खोटं बोलणार नाही. तिकडची पोरं पाच-सहा वर्षांची असताना अकादमीत बसतात. पोलंडची कॅरोलिना स्टिचिन्स्का इंटरनेटवर शोगी शिकली आणि २०१७ मध्ये जपानबाहेरची पहिली महिला व्यावसायिक झाली, पण त्यासाठी तिला जपानला जाऊन राहावं लागलं. तू बारावी कर, नंतर बघू.

एक गोष्ट सांगून आटोपतो. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमाच्या बाहेर इत्सुकाइचीत होनिन्बो या जपानी गो किताबाचा डाव चालू होता, हाशिमोतो उतारो विरुद्ध इवामोतो काओरू. बॉम्ब पडला, काचा फुटल्या, सोंगट्या विखुरल्या. त्यांनी त्या परत जागेवर लावल्या आणि डाव पूर्ण केला. इवामोतो पाच गुणांनी हरले. पुढे त्याच इवामोतोंनी दिलेल्या निधीतून अ‍ॅमस्टरडॅमजवळ, सिएटल, न्यूयॉर्क, साओ पाउलो इथे 'गो'ची केंद्रं उभी राहिली. तुझा तो डच खेळाडू कोणाकडून शिकला असेल, याचा मी उगाच विचार करत बसतो.

आज रात्रीच त्याला उत्तर लिही. इंग्रजी मोडकं चालतं, त्याचंही मोडकंच आहे. आणि रविवारी सकाळी आठला ये, उन्हाच्या आधी. तर्री पोहे मी आणून ठेवतो. तुझा सातवा डाव तेहतिसाव्या चालीपर्यंत मांडलेला असेल. येताना इतवारीतून तीन पांढरी बटणं घेऊन ये, नातवाने हरवलीत.

तुझा,
काका