एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'प्रमाणित' असतं की 'प्रमाण'?

प्रश्न असा आलाय की युनिक्ससारख्या सगळ्या सिस्टिम्सवर कुठली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (सिस्टिम प्रोग्रॅम्सना पुरवते ती नाव आणि किंमत अशी सेटिंग्ज) ठरलेली आहेत याचं मराठीत टिपण करायचंय, तर 'स्टँडर्डाइज्ड'ला 'प्रमाणित' म्हटलेलं चालेल का. मला विचाराल तर नको, 'प्रमाण' म्हणा.

'प्रमाणित प्रत' म्हणजे कोणीतरी तपासून, सहीशिक्का मारून, ही खरी आहे असं सांगितलेली प्रत. आणि प्रमाणवेळ म्हणजे सगळ्यांनी हीच धरायची असं ठरवलेली वेळ, तिला 'प्रमाणित वेळ' कोणी म्हणत नाही. इथे तर हा फरक नुसता कानाला खटकण्यापुरता नाहीये, कारण युनिक्सच्या जगात 'ही सिस्टिम युनिक्सच' असं सांगणारं सर्टिफिकेट खरोखरच असतं, मॅक ओएस टेनला ते २००७ साली मिळालं, लिनक्सच्या बहुतेक डिस्ट्रोंकडे (म्हणजे तयार आवृत्त्यांकडे) ते नाहीच, तरी पाथ आणि होम ही व्हेरिएबल्स दोन्हीकडे आहेत आणि अर्थही तोच. म्हणजे एकाच टिपणात 'प्रमाणित सिस्टिम' पण येणार आणि 'प्रमाण व्हेरिएबल' पण, दोन्हीला एकच शब्द वापरला तर वाचणारा हमखास गोंधळणार.

पण एवढ्यावर भागत नाही. युनिक्ससारख्या सिस्टिम्सनी कसं वागायचं हे ठरवणारं पॉझिक्स हे मानक (त्या दस्तऐवजाला 'मानक' मला बरं वाटतं) पहिल्यांदा १९८८ साली आलं, त्याच्या आजच्या आवृत्तीत या व्हेरिएबल्सचं वेगळं प्रकरणच आहे. पाथ, होम, शेल, टर्म, टीझेड, लँग आणि ती एलसीने सुरू होणारी सगळी भावंडं, यांचा अर्थ तिथे बांधून दिलाय. ही झाली प्रमाण. आता यूजर घ्या. लॉगिनचं नाव हवं असलं की निम्मे लोक डोळे झाकून हेच वापरतात, पण ते बीएसडी या युनिक्सच्या एका शाखेकडून आलेलं, पॉझिक्सने लॉगनेम हे नाव उचललं आणि यूजर फक्त 'ही नावं दुसऱ्या कामाला वापरू नका' अशा यादीत ठेवलं. माझी एक स्क्रिप्ट वर्षभर नीट चालली आणि कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम चालवायच्या वेगळ्या, बंदिस्त जागेत) टाकल्यावर भलत्याच फोल्डरात लिहायला लागली, कारण तिथे यूजर सेटच नव्हतं, फोल्डरच्या पत्त्यात त्या नावाच्या जागी काहीच नाही, नुसत्या दोन तिरप्या रेघा शेजारी शेजारी. (लॉगिनच झालं नसेल तर लॉगनेमही रिकामं असू शकतं, म्हणून नाव आता मी आयडी कमांडलाच विचारते.) तर अशांना 'रूढ' म्हणा, सगळीकडे दिसतात पण अर्थाची हमी कोणी दिलेली नाही.

तिसरा शब्द लागेल 'राखीव'. लहान लिपीतली अक्षरं असलेली नावं पॉझिक्सने अ‍ॅप्लिकेशन्ससाठी राखून ठेवलीत, तेव्हा स्वतःचं व्हेरिएबल बनवायचं असेल तर तिथे मोकळी जागा आहे.

राहिलं 'पर्यावरण चल'. ते नकोच, वाचताना झाडं आठवतात, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच राहू द्या. आणि टिपणात प्रत्येक नावापुढे एकच शब्द टाका: लॉगनेम, प्रमाण. यूजर, रूढ.