कुजते पान आणि पाण्यातले धातू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ओढ्यात पडलेले पान कुजत, झिजत जाते. मग त्यात जस्त, शिसे असे धातू वाढतात कसे?

उत्तर : कुजणारे पान पाण्याला देते, तसे पाण्यातून घेतेही. पहिल्या एक-दोन दिवसांत विद्राव्य पदार्थ निघून जातात. काही जातींच्या पानांचे कोरडे वजन एवढ्यानेच सुमारे चतुर्थांशाने घटते. मग जलीय बुरशी आणि जिवाणू पानावर बस्तान मांडतात. बुरशीतज्ज्ञ इंगोल्ड यांनी १९४२ मध्ये ओढ्यातल्या कुजत्या पानांवरच्या या बुरशींचे वर्णन केले. कौशिक आणि हाइन्स या संशोधकांनी १९७१ मध्ये दाखवले, की अशा पानांत प्रथिने वाढतात, कारण सूक्ष्मजीव पाण्यातले नत्र ओढून घेतात.

धातूंचे गणित थोडे वेगळे. सूक्ष्मजीवांच्या चिकट थरावर आणि लिग्निन (पानाला ताठपणा देणारा चिवट घटक) कुजून बनलेल्या ह्युमिक, म्हणजे काळपट सेंद्रिय, पदार्थांवर ऋणभारित जागा असतात. धनभारित धातू तिथे अडकतात. तांबे आणि शिसे घट्ट धरले जातात, कॅडमियम आणि जस्त त्यामानाने सैल. शिवाय हवेशीर पाण्यात पानावर लोह आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडचा तपकिरी-काळा लेप चढतो. मँगनीजच्या लेपाला जिवाणूंचा मोठा हात लागतो. माझ्या मते खरा साठवणदार हा लेपच : आर्सेनिक, स्फुरद, शिसे, जस्त सगळे त्यावर येऊन चिकटते. वाहत्या पाण्यात धातू अगदी विरळ असला, तरी पानावरून रोज नवे पाणी जाते, हे विसरू नये.

प्रश्न : कुजत्या पानांच्या तपासणी अहवालात दर किलोमागे जस्त दुप्पट दिसते. म्हणजे तेवढे साठले ना?

उत्तर : नक्की नाही. समजा, १० ग्रॅम पानात १ मिलिग्रॅम जस्त होते : किलोला १०० मिलिग्रॅम. पान कुजून ५ ग्रॅम उरले आणि जस्त तेवढेच राहिले, तर आकडा २०० होतो. बाहेरून कणभरही आले नाही! म्हणून उरलेल्या वजनाने गुणून एकूण जस्त काढावे आणि ते सुरुवातीच्या जस्ताशी ताडून पाहावे. हे न करता काढलेले निष्कर्ष मी बाजूला ठेवतो.

प्रश्न : सगळी मूलद्रव्ये अशीच साठतात का?

उत्तर : नाही. पालाश आणि सोडियम पहिल्याच धुण्यात निघून जातात आणि फारसे परत येत नाहीत.

प्रश्न : पाने कुरतडणाऱ्या जलचरांमुळे साठा घटतो का?

उत्तर : पानाचा होतो तुकडा, तुकड्याचा भुगा. गॅमारस (झिंग्यासारखा लहान जलचर) किंवा कॅडिस माशीच्या पाण्यातल्या अळ्या पाने फाडून १ मिलिमीटरपेक्षा बारीक कण तयार करतात. बारीक कणांचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, म्हणून धातू धरायला जागाही जास्त. साठा घटतो म्हणण्यापेक्षा तो पानातून गाळात सरकतो. मात्र काही भाग विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांसोबत, विशेषतः तांबे, प्रवाहाबरोबर पुढे निघून जातो.

प्रश्न : तळाच्या गाळात अडकलेले धातू कायमचे अडकले असे धरावे का?

उत्तर : धरू नये. तळाजवळचा ऑक्सिजन संपला, की लोह-मँगनीजचा लेप विरघळतो आणि त्यावरचे स्फुरद, आर्सेनिक सुटतात. संशोधक मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये इंग्लंडमधल्या सरोवरांवर केलेल्या कामातून लोह आणि स्फुरद यांची ही जोडी पुढे आली. पण त्याच ऑक्सिजनहीन गाळात जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड (दोन्ही गंधकाची संयुगे) तयार करतात, आणि कॅडमियम, जस्त, शिसे त्याच्याशी जुळून जवळजवळ अविद्राव्य होतात. एकच परिस्थिती एकाला सोडते, दुसऱ्याला कोंडते. पाऱ्याची गोष्ट सर्वांत वाईट : तिथेच त्याचा मिथाइलपारा, हे पाऱ्याचे विषारी रूप, बनतो आणि अन्नसाखळीत पायरीपायरीने वाढत मोठ्या माशांत पोहोचतो. पाणी आम्लधर्मी झाले, तर सैल धरलेले धातू तसेच सुटतात.

प्रश्न : मग तळ्यातला असा गाळ उपसून बागेत घालावा का?

उत्तर : वरच्या अंगाला खाण, कारखाना किंवा रहदारीच्या रस्त्याचे सांडपाणी येत असेल, तर तपासल्याशिवाय नको. ओला गाळ हवेत पसरला, की सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते, आम्ल तयार होते आणि इतकी वर्षे गप्प बसलेले कॅडमियम-जस्त पाझरू लागतात. म्हणून एकूण धातूंबरोबर पाझर, म्हणजे गाळातून पाण्यात सुटणारे धातू, हेही तपासून घ्या, तोही दोनदा : गाळ ओला असताना आणि वाळल्यावर.