‘स्टेअरवे टू हेवन’ची सुरुवात ‘टॉरस’वरून उचललेली आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे: स्पिरिट या अमेरिकन बँडचं ‘टॉरस’ ऐकलं की लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘स्टेअरवे टू हेवन’चा सुरुवातीचा गिटारचा तुकडा सरळ तिथूनच आलाय असं वाटतं, मग कोर्टात झेपेलिन सुटले कसे?

साम्य आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. ‘टॉरस’ 1968च्या जानेवारीत आलं, ‘स्टेअरवे’ 1971च्या नोव्हेंबरमध्ये. पण दोन्हींत सारखं नेमकं काय आहे ते सुटं करून बघितलं, तर चोरीचा आरोप मला पटत नाही.

घरी पेटी असेल तर पांढरी सहाचा सा धरा आणि एकेक स्वर खाली या: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध. तिथे थांबा, पंचम सोडा आणि परत सा वर या. ही झाली दोन्ही गाण्यांतली उतरती बेसलाइन, म्हणजे खालच्या स्वरांची ओळ. गिटारवर ‘स्टेअरवे’त ती चौथ्या तारेवर येते, सातव्या फ्रेटपासून तिसऱ्यापर्यंत. दोन्हीकडे गिटार अकूस्टिक, कॉर्डचे स्वर एकामागून एक छेडलेले, पट्टीही ए मायनर. म्हणून पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं.

आता हीच उतरण आणखी कुठे आहे बघा. इंग्रज संगीतकार पर्सेलच्या ‘डायडो अँड इनिअस’ या सतराव्या शतकातल्या ऑपेरात डायडोच्या विलापाखाली बेस असाच अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरतो, फक्त तो पंचमापर्यंत जातो. बीटल्सच्या 1965च्या ‘मिशेल’मध्ये ती आहे. 1964च्या ‘मेरी पॉपिन्स’मधल्या ‘चिम चिम चेरी’तही आहे, आणि झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज याने साक्षीत याच गाण्याचा दाखला दिला होता. मायनर कॉर्ड धरून बेस खाली सरकवायचा, हे गिटार शिकणाऱ्या कुणाच्याही बोटांना आपोआप सापडतं. यमनमध्ये ‘नी रे ग’ घेतलं म्हणून आपण एका बंदिशीवर दुसरीच्या चोरीचा आळ घेत नाही, तसंच हे.

दोन्ही गाणी पंचम टाळतात हा मुद्दा मात्र वजनाचा आहे. ‘टॉरस’च्या बाजूने फिर्याद करणाऱ्यांच्या वकिलांनी त्यावर भर दिला तो उगाच नाही. तेवढ्या एका स्वराच्या गैरहजेरीवर मालकी ठरावी असं मला तरी वाटत नाही.

‘स्टेअरवे’ला ‘स्टेअरवे’ करते ती वरची तार. खाली बेस सा, नी, कोमल नी असा उतरत असताना वर सूर सा, रे, कोमल ग असा चढतो. दोन ओळी एकमेकींपासून लांब जातात, आणि मग वरचा सूर एकदम खाली येऊन बेसला भेटतो. ‘टॉरस’मध्ये ही चढती ओळ नाही. तिथे उतरण हाच सगळा आशय आहे, आणि अडीच मिनिटांच्या त्या शब्दाविना तुकड्यात तो सुंदर उतरलाय. मनातल्या मनात ‘स्टेअरवे’ गुणगुणून बघा, तुमच्या तोंडात वरची ओळ येईल.

पेजने ‘टॉरस’ ऐकलं होतं का? 1968च्या डिसेंबरात डेन्व्हरला झेपेलिन स्पिरिटच्या आधी वाजले होते, स्पिरिटचं ‘फ्रेश गार्बेज’ ते सुरुवातीच्या कार्यक्रमांत वाजवत, आणि ‘टॉरस’ असलेला अल्बम पेजच्या संग्रहात होता. हे गाणं आपल्याला माहीत नव्हतं, असं त्याने शपथेवर सांगितलं. ज्यूरीने 2016च्या जूनमध्ये ठरवलं की त्याच्या कानावर ते पडलं असणार, पण कायद्याला लागतं तेवढं साम्य नाही. 2018मध्ये अपिलात नव्याने खटला चालवायचा आदेश झाला, 2020मध्ये मोठ्या पीठाने मूळ निकालच कायम केला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

एक गोष्ट मला खटकते. अमेरिकेच्या जुन्या 1909च्या कॉपीराइट कायद्यामुळे ‘टॉरस’चं संरक्षण फक्त नोंदणीसाठी जमा केलेल्या लिखित नोटेशनपुरतं होतं, म्हणून साम्य ठरवण्यासाठी ज्यूरीपुढे मूळ रेकॉर्ड ठेवलीच गेली नाही. कानाने ठरवायची गोष्ट कागदावरून ठरवली गेली. रेकॉर्ड ऐकूनही माझं मत तेच आहे, पण ज्यूरीला ती ऐकायला मिळायला हवी होती.

लोकांचा संशय मात्र समजण्यासारखा आहे. झेपेलिनच्या ‘होल लॉटा लव्ह’साठी ब्लूज गीतकार विली डिक्सनला 1985मध्ये कोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठे तडजोड होऊन त्याचं नाव लागलं. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे जेक होम्सचं 1967चं गाणं झेपेलिनने घेतलं, त्याचा उल्लेख यायला चार दशकं उलटली. ते दोन दावे मला पूर्ण रास्त वाटतात. तिथे शब्द, चाल, गाण्याचा गाभाच दुसऱ्याचा होता. हा इतिहास पाठीशी असलेल्या बँडला ‘टॉरस’च्या वेळी कुणी संशयाचा फायदा देईना, हे त्यांनीच ओढवून घेतलेलं आहे.

‘टॉरस’ लिहिणारा रँडी कॅलिफोर्निया अल्बम आला तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याला हे टोपणनाव दिलं जिमी हेंड्रिक्सने. 1997मध्ये हवाईच्या समुद्रात मुलाला वाचवताना तो बुडाला, आणि 2014चा हा खटला त्याच्या ट्रस्टतर्फे भरला गेला. त्याला फक्त या वादापुरतं ओळखणं अन्यायाचं आहे, म्हणून स्पिरिटचा तो पहिला अल्बम पूर्ण ऐका. ‘टॉरस’मध्ये गिटार साधारण पंचेचाळीस सेकंदांनी येते. तो भाग आणि ‘स्टेअरवे’ची पहिली ओळ पाठोपाठ लावा, दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष फक्त वरच्या स्वरांवर ठेवा. त्यानंतरही चोरी वाटली, तर कोणत्या स्वरापाशी वाटली ते सांगा. मी दोन्ही पुन्हा वाजवून बघेन.